डब्यावर राखाडी, डोक्यावर नारिंगी

लग्नसराई तोंडावर आली की संभाजीनगरच्या गुलमंडीत, नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईत कटलरीच्या दुकानांमधले हेअर कलरचे डबे मागच्या फळीवरून पुढे येतात. डब्यावरच्या बाईचे केस छान धुरकट, राखाडी झाकेचे तपकिरी असतात. डबा घरी येतो, बहीण किंवा वहिनी हातमोजे घालून रंग लावून देते, अर्ध्या तासाने केस धुतले जातात आणि बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली सगळं झकास दिसतं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर केस वाळवताना शेजारीण म्हणते, "अगं, उन्हात नारिंगी दिसायलेत की तुझे केस!"

इथून पुढचे आठ दिवस खरे धोक्याचे. या आठ दिवसांत माणूस लिंबू चोळतो, सोडा लावतो, त्याच कंपनीचा दुसरा डबा आणतो, तोही फसला की काळा रंग थापून मोकळा होतो. मूळ चुकीपेक्षा या दुरुस्त्यांनीच केसांची जास्त वाट लागते. कारण नारिंगी रंग बाहेरून चिकटलाय, तेव्हा तो घासून, धुऊन किंवा आणखी काहीतरी मारून निघेल, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो डब्यातून आलेलाच नसतो. तो पहिल्यापासून तुमच्या केसात होता. डब्याने फक्त त्याच्यावरचं झाकण काढलं.

हा रंग केसात होता कुठे?

केसाला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. केसात ते दोन प्रकारचं असतं. एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. आपल्याकडच्या काळ्याभोर केसात पहिलं इतकं ठासून भरलेलं असतं की दुसरं असून नसल्यासारखं.

आता डब्यात काय असतं ते बघू. एका ट्यूबमध्ये रंग आणि एका बाटलीत डेव्हलपर. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेलं पातळ क्रीम. दोन्ही एकत्र केले की रंगातला अमोनिया केस फुगवतो आणि केसावरचे खवले उघडतो. पेरॉक्साइड आत शिरतं आणि एकाच वेळी दोन कामं करतं. तुमचं नैसर्गिक मेलॅनिन फोडतं, आणि रंगाचे बारीक, बिनरंगी कण एकमेकांना जोडून त्यांचे मोठे रंगीत कण तयार करतं. हे मोठे कण मग आतच अडकून बसतात, म्हणून असा रंग लवकर निघत नाही.

गडबड होते ती पहिल्या कामात. काळं-तपकिरी मेलॅनिन लवकर फुटतं. तांबूस-पिवळं चिवट असतं, ते मागे राहतं. त्यामुळे काळा केस उजळताना ठरलेल्या क्रमानेच उजळतो: आधी लालसर तपकिरी, मग लाल-नारिंगी, नारिंगी, पिवळट नारिंगी, पिवळा आणि शेवटी अगदी फिकट पिवळा. कुणाचाही काळा केस मधला टप्पा गाळून थेट राखाडी होत नाही. परदेशातल्या नट्यांचाही होत नाही आणि हिंगोलीतल्या नवरीचाही नाही.

केस किती गडद आहे हे मोजायला पार्लरमध्ये लेव्हल वापरतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिकट. आपल्यापैकी बहुतेकांचे केस १ ते ३ मध्ये बसतात. घरगुती डब्यातलं पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं असतं, यालाच पार्लरवाले २० व्हॉल्यूम म्हणतात. ते केसाला एखाद-दोन लेव्हल उजळवतं. म्हणजे ३ वरून ४ किंवा ५. आणि ४-५ या लेव्हलला केसाच्या आत नेमका लाल आणि लाल-नारिंगी रंग उघडा पडलेला असतो. सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

"पण पहिले पंधरा दिवस रंग छान होता, मग तांबडा झाला," असंही पुष्कळ जणी सांगतात. तेही याच हिशेबात बसतं. वर बसलेला राखाडी रंग सुरुवातीला आतला नारिंगी झाकून ठेवतो. दर धुण्याला तो थोडा थोडा निघतो. आतला नारिंगी मात्र निघत नाही, कारण तो तुमचाच आहे.

मग कंपन्या फसवतात का?

पूर्ण नाही, पण सोयीचं तेवढंच मोठ्या अक्षरात सांगतात. डब्याच्या मागे किंवा कडेला दोन-तीन छोटे फोटो असतात: आधीचा केस असा असेल तर नंतर असा होईल. दुकानात पुढचा फोटो सगळे बघतात, हे मागचे कुणी बघत नाही. तुमच्या केसाइतका गडद फोटो त्यात नसेल, तर ती छटा तुमच्या केसावर तशी दिसणार नाही, इतका सरळ अर्थ.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे आकडा. ४.१, ५.३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. टिंबाच्या आधीचा आकडा लेव्हलचा आणि नंतरचा झाकेचा. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे राखाडी, .३ म्हणजे सोनेरी, .४ म्हणजे तांब्यासारखी. सगळ्यांची पद्धत तंतोतंत एक नसते, तेव्हा सोबतची पट्टी बघावी. पण ५.४ विकत आणून "केस तांबूस का झाले" असं विचारणारेही भेटतात. त्यांनी तर पैसे देऊन तांबूसच घेतला होता.

पांढऱ्या केसांचं प्रकरण वेगळं आहे. पांढऱ्या केसात मेलॅनिन जवळपास नसतंच, त्यामुळे आतून नारिंगी उघडा पडण्याचा प्रश्न येत नाही. गावोगावच्या सलूनमध्ये काळी डाय लावून घेणाऱ्या मंडळींच्या कानशिलावर महिन्याभरात जो लालसर-विटकरी पट्टा दिसतो, तो डाय उतरताना उरलेला रंग असतो किंवा आधी लावलेल्या मेंदीचा. प्रचाराच्या दिवसांत हा पट्टा जिल्ह्याजिल्ह्यांत बघायला मिळतो. त्याचा इलाजही सोपा: काळ्याऐवजी गडद तपकिरी, राखाडी झाकेचा रंग निवडायचा. उतरताना तो इतका डोळ्यावर येत नाही.

निळीने कपडे पांढरे कसे दिसतात?

आजोबांचं धोतर आणि टोपी धुऊन धुऊन पिवळट पडली की आजी शेवटच्या पाण्यात नीळ टाकायची. नीळ पिवळेपणा काढत नाही. कापडातला पिवळा तिथेच असतो. निळीची जांभळट-निळी झाक त्याच्या विरुद्ध पडते आणि डोळ्याला कापड पांढरं दिसतं. नीळ कमी पडली तर पिवळट राहतं, जास्त झाली तर टोपी निळी दिसते आणि आजोबा चिडतात.

केसाची झाक मारणं हे अगदी एवढंच आहे. रंगांच्या चक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात. नारिंगीसमोर निळा, पिवळ्यासमोर जांभळा, लालसमोर हिरवा. डब्यावर ज्याला राखाडी म्हणतात त्या छटेत हीच निळी, जांभळी किंवा हिरवट रंगद्रव्यं घातलेली असतात. नुसती झाक बदलण्यासाठी, केस फारसा न उजळवता जो सौम्य रंग लावतात, त्याला टोनर म्हणतात.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. ऑनलाइन सगळीकडे जांभळा शॅम्पू सुचवतात, तो आपल्यापैकी बहुतेकींच्या कामाचा नाही. जांभळा पिवळ्याला मारतो. पिवळ्यापर्यंत पोचायला केस ब्लीच करून ८-९ लेव्हलला न्यावा लागतो. घरगुती डब्याने आपला केस नारिंगीलाच थांबतो, तिथे निळा शॅम्पू हवा. उलटही खरं आहे: ब्लीच केलेल्या पिवळ्या केसावर निळा शॅम्पू लावला तर निळा आणि पिवळा मिळून केस हिरवट मारतात.

आणि हो, कपड्याची नीळ डोक्याला लावायची नाही. तत्त्व एक असलं म्हणून वस्तू एक होत नाही. ती टाळूसाठी बनवलेली नसते आणि केसावर तिचे डाग पडतात.

आधी उन्हात बघा, मग ठरवा

दुरुस्तीची घाई करण्याआधी झाक नेमकी कोणती ते ओळखायला हवं. घरातला पिवळा बल्ब केस आहे त्यापेक्षा तांबूस दाखवतो, पांढरी ट्यूब तांबूसपणा लपवते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात केस धुऊन पूर्ण वाळलेले असताना बघा. ओला केस नेहमी गडद दिसतो. एक बट कपाळावरची, एक मानेजवळची आणि एक टोकाची अशी बोटांवर घेऊन पांढऱ्या कागदावर ठेवा. तिन्ही वेगळ्या निघतील.

याचं कारण सांगितलं तर दुरुस्ती कशी करायची ते निम्मं समजतं. टाळूची ऊब मुळांजवळचा रंग लवकर चढवते. टाळूपासून साधारण दीड-दोन सेंटिमीटरचा केस बाकीच्या केसापेक्षा जास्त उजळतो. घरी रंग लावताना आपण सुरुवात तिथूनच करतो, म्हणजे त्याला वेळही जास्त मिळतो. परिणाम असा की भांगाशी भगवी पट्टी आणि खाली काळपट केस. टोकांवर आधीचा रंग असेल तर फरक आणखी वाढतो, कारण रंग लावलेल्या केसाला दुसरा रंग उजळवू शकत नाही. नवा रंग फक्त वर बसतो.

परभणीत एका पार्लरवाल्या ताईंकडे बी.ए.ला असलेली एक मुलगी आली होती. तिने स्टोल काढला तर भांगाजवळ दोन बोटं नारिंगी, मधे तपकिरी आणि वेणीचं टोक तांब्यासारखं. ताईंनी वेणी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "हे वरचं डब्यानं केलंय, खालचं उन्हानं. स्कूटीवर येतीस ना? स्टोलच्या बाहेर एवढंच टोक राहतंय." मुलगी रोज त्याच स्टोलने तोंड झाकून कॉलेजला जायची. उन्हातल्या अतिनील किरणांनीही मेलॅनिन फुटतं आणि लावलेला रंग फिका पडतो. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात वेणी स्टोलच्या आत घेणं ही फुकटातली काळजी आहे.

त्या दिवशी ताईंनी संपूर्ण डोक्याला काहीच लावलं नाही. भांगाजवळच्या दोन बोटांना एक लेव्हल गडद राखाडी टोनर, शेपटीच्या कंगव्याने पातळ पातळ भाग पाडून, ब्रशने. मधला केस सोडून दिला. टोकांना दोन इंच कात्री. डोकं भरून रंग लावण्यापेक्षा हे कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेक फसलेल्या रंगाला एवढंच लागतं.

प्रत्यक्ष काय करायचं

झाक थोडीच असेल, म्हणजे सावलीत कळत नाही आणि उन्हातच दिसते, तर निळा शॅम्पू पुरे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ओल्या केसावर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. इतर वेळी नेहमीचा, सल्फेट नसलेला मिळाला तर बरा. एका धुण्यात चमत्कार होत नाही. तीन-चार धुण्यांनंतर फरक दिसतो आणि तो टिकवायला शॅम्पू चालू ठेवावा लागतो.

झाक घरातही दिसत असेल, तर टोनर लागतो. पार्लर मटेरियलच्या दुकानात सौम्य, डेमी-पर्मनंट प्रकारच्या ट्यूब आणि १० व्हॉल्यूमचं, म्हणजे ३ टक्क्यांचं डेव्हलपर सुटं मिळतं. डेव्हलपर निवडताना इथे भलतेपणा करायचा नाही. २० किंवा ३० व्हॉल्यूम घेतलं तर टोनर लावता लावता केस आणखी उजळतो आणि नवा नारिंगी उघडा पडतो. नारिंगी घालवायला आणलेलं औषधच नारिंगी वाढवतं, ते असं.

ट्यूब कोणत्या लेव्हलची घ्यायची? आत्ता केस जितका उजळ झालाय तितकी, किंवा एक लेव्हल गडद. केस नारिंगी, लेव्हल ६ चा असेल तर ६.१ किंवा ५.१. इथे मन मोडतं, कारण तुम्हाला हवा असतो डब्यावरच्या बाईसारखा ८.१. पण फिकट छटेत निळं रंगद्रव्य इतकं पातळ असतं की गडद नारिंगीपुढे ते टिकत नाही. ८.१ चा टोनर ६ च्या नारिंगीवर लावला तर पैसे आणि अर्धा तास, दोन्ही पाण्यात.

माझं मत विचाराल तर काळ्या केसाच्या माणसाने घरच्या घरी ५ लेव्हलच्या पुढचं स्वप्न बघूच नये. गडद राखाडी-तपकिरी आपल्या कातडीला शोभतो, मुळं वाढल्यावर रेघ दिसत नाही आणि नारिंगीवर तो सहज बसतो. आतला नारिंगी त्या तपकिरीला आपोआप खोली देतो. याच्या उलट, ब्लीच करून फिकट पिवळा केलेल्या केसावर थेट गडद राखाडी-तपकिरी लावला तर केस चिखलासारखा हिरवट होऊ शकतो, कारण मधला तांबूस थर उरलेलाच नसतो. म्हणजे ज्या नारिंगीला आपण शिव्या घालतो, तो तपकिरीच्या पोटात असावाच लागतो.

लावण्याआधी एक बट करून बघा. कानामागची, सहज लपणारी. पत्रकावर दिलेला वेळ हा जास्तीत जास्त वेळ समजा आणि पाच-पाच मिनिटांनी एक केस पुसून बघत जा. उजळवलेला केस सच्छिद्र असतो, रंग पटकन पितो. मिश्रणाचं प्रमाण पत्रकात लिहिलेलं तेच घ्यायचं. "थोडं पातळ केलं की पुरतं" हा हिशेब फोडणीच्या वरणाला चालतो, इथे डाग पडतात.

पहिला रंग लावून दोन आठवडे झालेले असावेत. टाळूला आग किंवा जखम असेल तर ती बरी होईपर्यंत काहीही लावू नका.

"अमोनिया-फ्री आहे, मग टेस्ट कशाला?"

अमोनिया-फ्री म्हणजे अमोनियाऐवजी खवले उघडणारा दुसरा अल्कली घातलेला. वास कमी येतो, एवढा फायदा नक्की. पण ज्याची ॲलर्जी होते ते अमोनिया नसतं, ते बहुतेक वेळा पीपीडी असतं. हे गडद रंग तयार करणारं द्रव्य बहुतेक कायमस्वरूपी रंगांत आणि काळ्या मेंदीच्या पाकिटांतही असतं. आधी दहा वेळा काही झालं नाही आणि अकराव्या वेळी डोळे सुजले, असं होऊ शकतं, कारण ही ॲलर्जी वापरता वापरता तयार होते.

म्हणून दर वेळी रंग लावण्याच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा रंग लावून बघा. खाज, पुरळ, लाली आली तर रंग रद्द. लावल्यानंतर चेहरा किंवा पापण्या सुजल्या तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. श्वास घेताना त्रास झाला तर मात्र ओपीडीची वाट न बघता तातडीच्या विभागात.

भुवयांना आणि पापण्यांना यातलं काहीही लावायचं नाही.

"पुन्हा एकदा ब्लीच मारला तर नारिंगी निघून जाईल ना?"

तर्क चुकीचा नाही. नारिंगीच्या पुढे पिवळा आहेच. पण नारिंगीपासून फिकट पिवळ्यापर्यंतचा पल्ला केसाला सगळ्यात महाग पडतो. त्यात मेलॅनिनबरोबर केसाचं प्रथिनही तुटतं. केस किती सोसेल ते असं बघा: एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. थोडा लांबून परत जागेवर आला तर जीव आहे. ताणतच जाऊन तुटला, तर ब्लीचचं नावही काढू नका.

चेहऱ्याला लावायचं ब्लीच केसाला लावण्याचा प्रकारही मी ऐकला आहे. ते चेहऱ्यावरच्या बारीक लवेसाठी असतं. डोक्याच्या केसावर ते ठिकठिकाणी चढतं आणि बिबट्या तयार होतो.

लिंबाचा रस लावून उन्हात बसणं हाही ब्लीचचाच गावठी भाऊ. त्याने केस उजळतो, म्हणजे नारिंगी वाढतो. खायचा सोडा अल्कली आहे, तो खवले उघडतो, लावलेला रंग धुऊन काढतो आणि केस राठ करतो. चहा-कॉफीच्या पाण्याने थोडा तपकिरीपणा येतो आणि एक-दोन धुण्यांत जातो. नुकसान नाही, फार उपयोगही नाही.

काळा रंग लावून विषय संपवता येतो का? येतो. पण पुढच्या लग्नात पुन्हा तपकिरी हवा झाला, तर तो काळा काढणं नारिंगी झाकण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. रंगाने रंग उजळत नाही, हे वर आलंच आहे.

मेंदी लावलेल्या केसाचं काय?

इथे सावध. मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं आणि त्याचा स्वतःचाच रंग नारिंगी-लाल असतो. म्हणजे उघडा पडलेला नारिंगी आणि बाहेरून लागलेला नारिंगी, दोन्ही एकत्र. निळा शॅम्पू त्यापुढे हात टेकतो.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसाची टोकं चार-पाच वर्षांपूर्वी उगवलेली असतात. "मेंदी कधीच सोडली" म्हणणाऱ्या बाईच्या टोकांवर ती अजून असते. त्यामुळे पार्लरमध्ये विचारलं तर या महिन्याचं नाही, चार वर्षांचं सांगावं लागतं.

शुद्ध मेंदीवर झाक उतरवायची असेल तर तिच्याच घरातला उपाय बरा: नीळ. कपड्याची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची पावडर, जी मेंदीच्याच दुकानात मिळते. मेंदी लावलेल्या केसावर ती लावली की नारिंगी आणि निळा मिळून तपकिरी होतो, जास्त वेळ ठेवली तर काळपट. मात्र एकदा ही लावली की नंतर ब्लीच नको, केस हिरवे निघू शकतात. आणि पाकिटावर "मेंदी" लिहून आत धातूंचे क्षार घातलेले असतील, तर पेरॉक्साइड लागताच केस तापू शकतो, तुटू शकतो. पाकिटावर घटकांची यादी नसेल तर त्या केसावर डेव्हलपर लावायचं नाही.

बोअरचं पाणी आणि आपला रंग

मराठवाड्यात या विषयाला एक स्थानिक शेपूट आहे. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. उन्हाळ्यात खोल गेलेल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते साबणाला फेस येत नाही तेव्हा कळतं.

हेच क्षार केसावरही बसतात. उजळवलेला केस सच्छिद्र असल्याने त्यावर जास्त बसतात, केस निस्तेज आणि राठ होतो. पाण्यात लोह असेल तर वरून पितळी झाक चढते. म्हणून एकाच डब्याचा रंग धरणाच्या पाण्यावर एक दिसतो आणि बोअरच्या पाण्यावर दुसरा. संभाजीनगरात तर एकाच घरात हा प्रयोग चालतो. जायकवाडीचं नळाचं पाणी कित्येक दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर.

इलाज दोन. महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा शॅम्पू, ज्याच्या घटकांत ईडीटीए असतं. टोनर लावण्याआधी एकदा तो वापरला तर टोनर सारखा चढतो. तो नसेल तर मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून धुतल्यावर ओतायचं, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने काढायचं. आणि शेवटचे दोन तांबे जारच्या किंवा आरओच्या पाण्याचे. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार जास्तच साठलेले असतात.

ज्या भागात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तिथे केस रोज धुवा असं कोण सांगेल? बरं झालं, रंगलेल्या केसाला ते नकोच असतं. आठवड्यातून दोनदा, कोमट किंवा गार पाण्याने, आणि धुण्याआधी खोबरेल तेलाचा हात. तेल केसात शिरून धुताना होणारी प्रथिनाची झीज कमी करतं. गरम पाण्याने रंग लवकर उतरतो.

लग्नाची तारीख धरून

घरात लग्न असेल तर रंग तीन आठवडे आधी लावा. फसला तर दुरुस्तीला जागा राहते. टोनर लग्नाच्या आठवडाभर आधी, म्हणजे फोटोच्या दिवशी तो ताजा असतो आणि टाळूवरचे डागही निघालेले असतात. पार्लरमध्ये जाणार असाल तर "ॲश, म्हणजे राखाडी, करून द्या" असं न म्हणता मागच्या चार वर्षांत काय काय लावलं ते सांगा, डबा जपून ठेवला असेल तर सोबत न्या आणि आधी एक बट करून दाखवायला सांगा. त्याला नाही म्हणणाऱ्या पार्लरातून उठून यावं.

राहिली हळद. उजळवलेल्या केसाला हळदीचा पिवळा पटकन लागतो, आणि इतका खर्च करून मारलेली झाक एका संध्याकाळी परत येते. उन्हाने आणि दोन-तीन धुण्यांनी तो बराचसा जातो, उरला तर इथे जांभळा शॅम्पू खरोखर कामाला येतो. त्यापेक्षा हळद लागायच्या आधी केस वर बांधून रुमाल घट्ट गुंडाळावा. नवरीला कुणीतरी बांधतंच. करवलीलाही बांधा, तिच्या डोक्याला जास्त लागते.